ऑफ तासाचं इंग्रजी

ओढ्याला पाणी आलं आणि पलीकडच्या गावचे शिक्षक अडकले, कुणाच्या घरी आजारपण निघालं, कुणाला निवडणुकीच्या कामाचं पत्र आलं, की शाळेत बदली तासाची वही फिरू लागते. शिपाई ती वही घेऊन शिक्षकखोलीत शिरला की सगळ्यांच्या माना तपासायच्या गठ्ठ्यांत खुपसल्या जातात. पण सही करावीच लागते. सही झाली की चार मिनिटांत आठवी 'ब'च्या दारात उभं राहायचं. हातात खडू, समोर साठ पोरं आणि डोक्यात काहीही नाही. वर्गाच्या मते हा तास मुळात त्यांचा असतो. मॉनिटरने फळ्यावर 'बोलणाऱ्यांची नावे' असं लिहून खाली दोन-चार बळी नोंदवलेलेही असतात.

अशा तासाला इंग्रजीच्या शिक्षकाने काय करावं, यावर आमच्या शिक्षकखोलीत दोन पक्ष आहेत. एक पक्ष बाईंचा. मराठी माध्यमाच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात त्यांची हयात गेली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या वडिलांकडून त्या इंग्रजी शिकल्या, आणि टाचण काढल्याशिवाय वर्गावर जाणं त्यांना अजून जमत नाही. दुसरा पक्ष सरांचा. शिक्षण सेवकाची वर्षं संपवून ते नुकतेच कायम झाले आहेत. त्यांच्या खणात चिठ्ठ्या, फासे आणि रंगीत कागदाचे तुकडे असतात. मी इतिहास शिकवतो, म्हणजे या वादात त्रयस्थ. पण बदली तासाला मलाही पाठवतात, त्यामुळे अगदीच कोरडा नाही. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर तुकड्यातुकड्याने जे ऐकलं, ते इथे सलग करून देतो आहे.

बाई : सर, काल तुम्ही आठवी 'ब'वर होतात ना? खाली सातवीत मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता.

सर : हँगमन घेतला होता, बाई. फळ्यावर रेघा काढायच्या, मुलांनी अक्षरं सांगून शब्द ओळखायचा.

बाई : आणि चुकलं की फासावरच्या माणसाला एकेक हातपाय. माहीत आहे. पस्तीस मिनिटांत शब्द किती झाले?

सर : सात-आठ झाले असतील.

बाई : आणि वाक्यं?

सर : त्या खेळात वाक्यं नसतात.

बाई : मग इंग्रजीचा तास कुठे झाला? एबीसीडीचा झाला. आपल्याकडे 2000 सालापासून पहिलीला इंग्रजी आहे. पूर्वी पाचवीत मुळाक्षरं गिरवायचे. आताचं पोरगं आठवीत येतं तेव्हा सात वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं. त्याच्याकडून 'इज देअर ॲन ई?' एवढासुद्धा प्रश्न न वदवता आपण त्याला नुसतं 'ई, ई' ओरडू देतो.

सर : एवढं मान्य. पण ऐनवेळी पाठवल्यावर टाचण कुठून आणू? आणि तो विषयाचा तासही नसतो. भूगोलाच्या बाई रजेवर, म्हणून मी तिथे.

बाई : श्रुतलेखन घ्या. साहित्य लागत नाही, बाकं हलवावी लागत नाहीत आणि साठच्या साठ हात एका वेळी कामाला लागतात. तुमच्या खेळात एक पोरगं बोलतं आणि बाकीचे टाळ्या वाजवतात.

सर : श्रुतलेखनात मुलं वाक्य कुठे लिहितात, बाई? आवाज लिहितात. मी नववीच्या वह्या पाहिल्या, तर 'वन्स अपॉन अ टाइम' हे कितीतरी जणांनी एकच शब्द समजून सलग लिहून टाकलं होतं.

बाई : बघा! शब्द कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो हे त्यांना ऐकून कळत नाही, हे तुम्हाला त्या वहीने सांगितलं. हँगमनने सांगितलं असतं का?

(इथे सर गप्प झाले. पण ते फार वेळ गप्प बसणाऱ्यांतले नाहीत.)

सर : श्रुतलेखनाला माझा विरोध नाही, बसून घेण्याला आहे. मी ते दुसऱ्या रीतीने घेतो. चार-पाच ओळींचा उतारा मोठ्या अक्षरात कागदावर लिहायचा, कागद वर्गाच्या मागच्या भिंतीला लावायचा. दोघादोघांच्या जोड्या. एकाने उठून जायचं, वाचायचं, लक्षात ठेवायचं आणि परत येऊन जोडीदाराला सांगायचं. तो लिहिणार. कागदाला हात लावायचा नाही आणि लांबून ओरडायचं नाही. निम्म्यावर आले की कामं बदलायची.

बाई : तीस पोरं एका कागदापाशी? चेंगराचेंगरी होईल.

सर : म्हणून कागद तीन-चार हवेत. हाताने लिहायला तीन मिनिटं लागतात. इंग्रजी पुस्तकांत हे 'रनिंग डिक्टेशन' आहे, पण मी धावू देत नाही, चालायचं. धावलं की बाद.

हा प्रकार मी दारातून पाहिला आहे, आणि इतिहासाच्या माणसालाही त्यात बघण्यासारखं पुष्कळ आहे. पहिल्या फेरीत पोरगं तीन शब्द घेऊन येतं: 'देअर वॉज ॲन'. एवढंच. ओठ हलवत येतं, आणि वाटेत कुणी टपली मारली की तेवढंही विसरतं. शिव्या घालत परत जातं. तिसऱ्या-चौथ्या फेरीला त्याच्या लक्षात येतं की सुटे शब्द आणणं महाग पडतंय, म्हणून ते 'देअर वॉज ॲन ओल्ड वेल' असा अख्खा तुकडा उचलतं. त्यानंतर 'बिहाइंड द टेम्पल' हा दुसरा. 'ॲन ओल्ड वेल' एकत्र राहतं, 'वेल बिहाइंड' मध्ये तुटतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. व्याकरणाच्या तासाला हीच गोष्ट सांगताना शिक्षकाच्या नाकीनऊ येतात.

बाई : ते मी नाकारत नाही. पण जोडीदार विचारतो, 'अरे, स्पेलिंग सांग ना', ते मराठीत.

सर : मराठीतच विचारतो. तुमच्या श्रुतलेखनात तर विचारतच नाही.

बाई : बरं, मग माझं ऐका. उतारा फळ्यावर लिहायचा, चारच ओळी. सगळ्यांनी एकदा मोठ्याने वाचायचा. मग मी दोन शब्द पुसते. पुन्हा वाचा, पुसलेले शब्द मनाने घालून. आणखी तीन पुसते. पुन्हा वाचा. शेवटी फळा कोरा होतो आणि पोरं कोऱ्या फळ्याकडे बघून चारही ओळी म्हणतात. मागच्या बाकावरचेसुद्धा म्हणतात, कारण आवाजात आवाज मिसळलेला असतो, कुणाची चूक कुणाला दिसत नाही. याला मी उपक्रम म्हणत नाही. पाठांतर म्हणते.

सर : बाई, हे जगभर उपक्रम म्हणूनच पुस्तकांत छापलेलं आहे. तशीच आणखी एक रीत आहे. उतारा नेहमीच्या वेगाने दोनदा वाचायचा, वाचताना कुणी अख्खं वाक्य लिहायचं नाही, हाती लागतील ते शब्द टिपायचे, आणि मग जोडीदाराबरोबर तो उतारा पुन्हा उभा करायचा. रूथ वाजनरिब नावाच्या ऑस्ट्रेलियन बाईंनी 1990 साली त्यावर 'ग्रामर डिक्टेशन' नावाचं पुस्तकच लिहिलं.

बाई : आमचे मास्तर गोष्ट सांगून 'आता आपल्या शब्दांत लिहा' म्हणायचे. पुस्तक नाही लिहिलं त्यांनी.

हा टोमणा झाला, आणि खरं सांगायचं तर पुरता न्यायाचाही नाही. मास्तरांच्या गोष्टीत मूळ वाक्याशी आपलं वाक्य ताडून बघणं नव्हतं. वाजनरिबबाईंचा सगळा भर तिथेच आहे: मूळ उतारा शेवटी समोर ठेवायचा आणि आपलं कुठे निसटलं ते मुलांनीच शोधायचं. पण शिक्षकखोलीत टोमणा लागू पडला की मुद्दा मागे राहतो.

बाई : माझा खरा आक्षेप खेळाला नाहीच, सर. नियम समजावण्याला आहे. मागे तुम्ही तो चोर-पोलिसासारखा प्रकार घेतला होता.

सर : ॲलिबाय. दोन संशयितांनी बाहेर जाऊन ठरवायचं, की चोरीच्या वेळी आपण दोघं एकत्र कुठे होतो, काय खाल्लं, कोण भेटलं. मग वर्गाने एकेकाला आत बोलावून तेच प्रश्न विचारायचे. उत्तरं जुळली नाहीत की गुन्हा शाबीत. भूतकाळाच्या प्रश्नांना यासारखा खेळ नाही.

बाई : खेळ चांगलाच आहे. पण मी व्हरांड्यात होते. दहा-बारा मिनिटं तुम्ही नियम सांगत होता, मराठीत. पाच मिनिटं संशयित कोण यावर भांडण. मग घंटा व्हायच्या आत किती प्रश्न विचारून झाले? नवा खेळ आणि नवं वाक्य एकदम पुढ्यात टाकलं, की पोरगं खेळ शिकतं आणि वाक्य सोडून देतं. आधीच्या दिवशी ठरवून गेलात तर ॲलिबाय घ्या, खुशाल दोन तास घ्या. ऐनवेळी नको.

सर : म्हणून तर मी हल्ली ऐनवेळी 'शिवाजी म्हणतो' घेतो.

बाई : ते ठीक. त्याचे नियम पोरांना बालवाडीपासून माहीत आहेत.

सर : फक्त शिवाजी इंग्रजीत बोलतो. 'शिवाजी सेज, स्टँड अप. शिवाजी सेज, टच युवर लेफ्ट एल्बो. सिट डाउन!' बसला की बाद. जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तर आज्ञा द्यायची आणि अंगाने पाळायची, यावर अख्खी शिक्षणपद्धती उभी केली. बोलण्याची घाई करू नका, आधी ऐकून कळू द्या, असं त्याचं म्हणणं.

बाई : कळतंय कुठे? शेजारचा उठला की हा उठतो. पाव सेकंद उशिरा.

सर : डोळे मिटायला लावतो मी.

बाई : मग ठीक आहे. आणि नाक-कान-कोपर किती दिवस? आठवीचं पोरगं आहे ते. 'पुट युवर पेन अंडर युवर कंपासबॉक्स. नाऊ पुट द कंपासबॉक्स बिहाइंड यू. डोंट टर्न राउंड.' असं काहीतरी द्या. आणि दोन फेऱ्या झाल्या की शिवाजी तुम्ही होऊ नका, पोरांतलं कुणीतरी होऊ दे. आज्ञा सोडायच्या तर वाक्य तोंडातून काढावंच लागतं.

मला वाटतं, या सगळ्या वादात कामाची गोष्ट इथे निघाली, आणि दोघांनाही ती तितकीशी जाणवली नाही. ऐनवेळच्या तासाला खेळ जुना हवा आणि वाक्य नवं. आपल्या मुलांना येणारे खेळ काही थोडेथोडके नाहीत. भेंड्या येतात, कानगोष्टी येतात, राजा-राणी-चोर-शिपाई येतो. 'नाव-गाव-फळ-फूल' तर येतोच येतो. पण तो इंग्रजीत नुसता शब्दांवर खेळला तर हँगमनचाच भाऊ. सर आता त्यात अट घालतात: 'पुणे' लिहून पाच गुण, आणि 'माय आंट लिव्हज इन पुणे' असं म्हटलं तर दहा. या एका अटीने पोरं 'लिव्ह' आणि 'लिव्हज'वरून हमरीतुमरीवर येतात. ही भांडणं मी स्वतः ऐकली आहेत.

सरांकडे पेनी अर आणि अँड्र्यू राइट यांचं 'फाइव्ह-मिनिट ॲक्टिव्हिटीज' आहे, 1992 सालचं. बाईंनी ते दोन दिवस घरी नेलं होतं. परत देताना एवढंच म्हणाल्या, 'पाच मिनिटांचा उपक्रम साठ पोरांत पंचवीस मिनिटांचा होतो.' आणि मग त्यांनी प्रभूंचा विषय काढला.

बाई : एन. एस. प्रभूंचं काही वाचलंय का?

सर : बंगळूर प्रकल्प. बी.एड.ला टीप होती पाच गुणांची.

बाई : टिपेपुरतेच राहिले बिचारे. 1979 ते 1984, पाच वर्षं, बंगळूर, मद्रास आणि दक्षिणेतल्या आणखी काही गावांच्या शाळांत त्यांनी इंग्रजीचे वर्ग चालवले. भरलेले, साधे वर्ग. व्याकरणाचा क्रम नाही, वाक्यं घोकणं नाही. मुलांपुढे एक कोडं ठेवायचं: रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा, असलं काही. डोकं कोडं सोडवण्यात गुंतलं, की भाषा मागच्या दाराने आत येते. 1987 साली त्यांचं 'सेकंड लँग्वेज पेडगॉजी' आलं. आज परदेशी पुस्तकांत टास्क-टास्क म्हणून जे चाललेलं असतं, त्याचा माग काढत गेलात तर बंगळूर लागतं.

सर : म्हणजे ते माझ्या बाजूचे झाले की!

बाई : थांबा. प्रभूंनी गटकाम टाळलं, मुद्दाम. पोरं आपापसांत मोडकं इंग्रजी बोलत राहिली, तर मोडकंच पक्कं होतं, चांगलं कानावर पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. आधी शिक्षकाने सगळ्या वर्गाबरोबर एक कोडं तोंडी सोडवायचं, मग तसंच दुसरं प्रत्येकाने एकट्याने. निम्म्या वर्गाला निम्मं सुटलं, तर कोडं बेताचं अवघड, असा त्यांचा हिशोब होता.

सर : तुम्ही कधी घेतलंय तसं?

बाई : मग काय! परवाच, सातवीवर, तुमच्यासारखीच ऐनवेळी पाठवलेली. फळ्यावर चार गाड्या लिहिल्या, वाई ते सातारा. सव्वासहा, सात चाळीस, सव्वानऊ, साडेदहा. तास लागतो असं धरा. एका मुलीची साताऱ्यात अकराला परीक्षा आहे, स्टँडपासून केंद्र वीस मिनिटं चालत. 'व्हिच बस शुड शी टेक?' सव्वानऊची, म्हणाली पोरं. बरोबर. मग म्हटलं, तिचं गाव वाईपासून अर्धा तास, तिथून ती किती वाजता निघाली पाहिजे? 'ॲट व्हॉट टाइम शुड शी लीव्ह होम?' मग म्हटलं, परीक्षा रविवारी आहे. आता मागून एक पोरगा उठला. 'बाई, सव्वानऊची रविवारी नसते!' मी म्हटलं, 'इन इंग्लिश.' 'बाई, दॅट बस... संडे... नॉट.' मी फळ्यावर लिहिलं, 'इट डझन्ट रन ऑन संडेज.' आणि मग वर्ग सुटलाच. 'द सेव्हन फोर्टी बस डझन्ट स्टॉप ॲट अवर व्हिलेज.' 'द टेन थर्टी बस डझन्ट गो टू सातारा, इट गोज टू पाचवड.' माझ्या फळ्यावरचं वेळापत्रक त्यांनी मोडीत काढलं, पण 'डझन्ट' किती जणांच्या तोंडून निघालं! त्यानंतर प्रत्येकाने आपल्या गावच्या गाड्यांवर एक कोडं वहीत लिहिलं.

सर : बाई, हा चक्क उपक्रम आहे, आणि तोही ऐनवेळचा.

बाई : ऐनवेळचा तास होता. वेळापत्रक माझ्या डोक्यात वर्षानुवर्षं तयार आहे.

सर : तरी गटकामाबद्दल मला प्रभू पटत नाहीत. परवाचा माझा तास सांगतो. आठवी 'ब'च. टेबलावर पोरांच्याच दप्तरातल्या वस्तू मांडल्या: करकटक, गुण्या, दोन खोडरबर, पासचं पाकीट, केसांचा चाप, अर्धा खडू, तीन चिंचोके, सायकलची किल्ली, असं बरंच. अर्धा मिनिट बघू दिलं आणि वर माझा रुमाल टाकला. फळ्याच्या कोपऱ्यात फक्त 'देअर वॉज' आणि 'देअर वेअर' लिहिलं. गटागटाने एकेक वाक्य. नुसत्या वस्तूच्या नावाला गुण नाही.

बाई : हे बरं केलंत. नाहीतर 'पेन, पेन्सिल, रबर' ही वाण्याची यादी झाली असती.

सर : एका गटाने म्हटलं, 'देअर वॉज टू रबर.' मी तोंड उघडायच्या आत पलीकडच्या बाकावरून दोन मुली ओरडल्या, 'वेअर! वेअर! रबर्स!' चूक मी सुधारली नाही, वर्गाने सुधारली. मोडकं पक्कं होण्याऐवजी दुरुस्त झालं.

बाई : कारण फळ्याच्या कोपऱ्यात वाक्य लिहिलेलं होतं.

सर : आणि कारण गुण पणाला लागले होते.

बाई : मग तुमचं ते 'दोन खरं, एक खोटं' घ्या. शिक्षकाने स्वतःबद्दल तीन वाक्यं सांगायची, वर्गाने प्रश्न विचारून खोटं कुठलं ते पकडायचं. त्यात परवा कुणी म्हणालं, 'सर, डिड यू वेंट टू दिल्ली?' तुम्ही चक्क उत्तर दिलंत, 'येस, आय डिड.'

सर : मधे तोडलं तर पोरगं पुन्हा विचारत नाही. मी चुका कागदावर टिपून ठेवतो. शेवटची पाच मिनिटं नाव न घेता फळ्यावर लिहितो, आणि दुरुस्त करणं त्यांचं काम.

बाई : तोवर 'डिड यू वेंट' साठ जणांनी ऐकलेलं असतं. तुम्ही त्याला होही म्हटलेलं असतं.

सर : ऐकलेलं असतं. पण विचारलं गेलं. वर्षभर ज्याने तोंड उघडलं नाही, त्याने विचारलं.

यावर त्यांचं एकमत झालेलं नाही आणि होईल असं मला दिसत नाही. मी स्वतः थोडा बाईंकडे झुकतो, पण बाईंना आवडेल त्या कारणाने नव्हे. सरांची ती शेवटची पाच मिनिटं कागदावर चोख आहेत. प्रत्यक्षात घंटा होते, मुलं दप्तरं भरू लागतात आणि टिपलेल्या चुकांचा कागद शर्टाच्या खिशात धुतला जातो. दुरुस्ती शेवटी ठेवायची असेल, तर ती तासाच्या शेवटी नको, खेळाच्या शेवटी हवी, आणि खेळ तास संपायच्या दहा मिनिटं आधी थांबवायला हवा. रंगात आलेला खेळ थांबवणं मात्र फार थोड्या शिक्षकांना जमतं.

इथे किप्लिंगचं नाव घ्यायला हवं. सरांचा रुमालाचा खेळ त्याच्या 'किम' कादंबरीतला. कादंबरी 1901 सालची, प्रसंग सिमल्याच्या एका दुकानातला, आणि लेखक जन्माने मुंबईकर. बेडन-पॉवेलने 1908 मध्ये तो 'स्काउटिंग फॉर बॉइज'मध्ये घेतला, आणि स्काउटच्या शिबिरांतून तो जगभर गेला. तेव्हा तो नजर तयार करण्याचा खेळ होता. 'देअर वेअर'ची पाटी त्यावर नंतर लागली.

सर : एक विचारू का, बाई? ऑफ तासाला अभ्यासक्रम बघत नसतो. धडा पुढे सरकायचा नसतो, घटक चाचणीचं ओझं नसतं. पोरांना चुकायला वर्षात जागा मिळते ती तेवढीच. तीही वहीत घालवायची?

बाई : दहावीचा पेपर ऐंशी गुणांचा आहे, लेखी.

सर : आणि उरलेले वीस?

बाई : ते आपण सगळेच देतो. भरभरून.

सर : म्हणजे बोलण्याचे गुण मिळतात आणि बोलणं येत नाही. 2019च्या दहावीला ते वीस काढून टाकले होते. राज्याचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10वर आला. पुढच्या वर्षी वीस गुण परत आले.

बाई : आले. आणि पुन्हा भरभरून दिले. (जरा थांबून) तुमचं एवढं बरोबर आहे, की आपल्या वर्गात पोरगं वर्षभरात स्वतःचं असं इंग्रजी वाक्य फार तर चार-पाच वेळा बोलतं. पण ते चार-पाच वेळाही तुमच्या हँगमनने वाढत नाही. मला खेळाचं नाव सांगू नका. एवढंच सांगा, की घंटा झाली तेव्हा प्रत्येक पोराच्या तोंडून किती वाक्यं निघाली होती.

सर : आणि प्रत्येकाने ती घाबरत म्हटली की हसत, ते?

बाई : ते नंतर.

बाईंचं 'ते नंतर' मला मान्य नाही. घाबरलेलं पोरगं वाक्य म्हणतच नाही, म्हणजे बाईंच्याच हिशोबात ते शून्य धरलं जातं. पण मोजायचं काय, याबाबत त्या बरोबर आहेत. ऐनवेळच्या उपक्रमांच्या ज्या याद्या शिक्षकांमध्ये फिरतात, त्यांतले निम्मे या एका प्रश्नापुढे टिकत नाहीत. बिंगोमध्ये शिक्षक बोलतो आणि मुलं खुणा करतात. शब्दकोड्यात कुणीच बोलत नाही. चित्र ओळखण्यात मुलं शब्द फेकतात. वर्ग शांत राहावा एवढाच हेतू असेल तर यांतलं काहीही घ्या, त्याला हरकत नाही, पण मग त्याला इंग्रजीचा तास म्हणू नये. उलट 'शिवाजी म्हणतो', रुमाल, चालतं श्रुतलेखन, पुसत जायचा फळा आणि गाड्यांचं वेळापत्रक, एवढी पाच साधनं एका शिक्षकाला वर्षभर पुरतात. दर वेळी नवं शोधायची हौस सरांनी सोडावी. तोच खेळ पुन्हा घेतला की नियम सांगण्यात मिनिटभरही जात नाही, आणि ती वाचलेली दहा मिनिटं नव्या वाक्याला मिळतात. आज 'देअर वॉज', पुढच्या महिन्यात त्याच रुमालाखाली 'इट मस्ट बी' किंवा 'समबडी हॅज टेकन'. एक वस्तू गुपचूप काढून घेतली की झालं.

अडचण उरते ती आमच्यासारख्यांची. बदली तासाला इंग्रजीचेच शिक्षक जातात असं नाही. इतिहासाचा, चित्रकलेचा, शारीरिक शिक्षणाचा माणूसही जातो. आठवी 'ब'चं सध्या कुठलं वाक्य चालू आहे, 'डझन्ट' की 'देअर वेअर', हे आम्हाला ठाऊक नसतं, म्हणून आम्ही पुन्हा भेंड्या नाहीतर बडबड बंद. इंग्रजीच्या शिक्षकांना माझी विनंती एवढीच, की दर पंधरवड्याला चालू वाक्यप्रकार आणि त्याची दोन उदाहरणं एका कागदावर लिहून वर्गाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. खेळ आम्हाला सगळ्यांना येतात.